समोरचं घर

चार वर्षं मी आईला समोरच्यांचं घर माझं म्हणून सांगत होतो.

सांगलीच्या स्टँडवर मला गाडीत बसवताना ती एवढंच म्हणाली होती, "घर कसं आहे ते नीट सांग. तुझ्या 'बरंय'वरून मला काही कळत नाही." म्हणून जर्मनीत एर्लांगेनला आल्यावर चित्रं काढायला लागलो. इथे रविवारी दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकायला जायचं नाही; आवाज न करता करण्यासारखं एवढंच उरतं. ऑफिस, जर्मन आणि चार जिने यांनी आठवडाभर पिळून काढलेला माणूस खिडकीपासून उठतही नाही. आणि जाहिरातीत जिला डाखवोनुंग म्हणतात त्या माझ्या छपराखालच्या खोलीतून दिसतं काय, तर समोरचं घर. लाल कौलं, खिडक्यांत जिरेनियम. तेच पोस्टकार्डावर काढून पाठवलं.

आईचा फोन आला. फुलं छान आहेत म्हणाली, पाणी कोण घालतं विचारलं. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती. मी दमलो होतो, "मीच" म्हणालो.

मग ते निभवावं लागलं. बर्फातलं घर काढलं, पानगळीतलं काढलं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी पडदे बदलले, ते आईला आवडले, कौतुक मी घेतलं. व्हिडिओवर तिला माझं तोंड आणि मागची भिंत एवढंच दिसायचं. इकडे आलेल्या तुम्हा मंडळींना हे ओळखीचं असेल. तिकडे राहिलेल्यांनी आपापल्याकडे आलेले फोटो एकदा तपासून घ्या.

यंदा मे महिन्यात आई तीन महिन्यांसाठी आली. तिकीट काढल्यापासून सांगेन सांगेन म्हणत होतो. म्युनिकच्या विमानतळावर तिचे सुजलेले पाय दिसले, रेल्वेत ती झोपली, राहूनच गेलं. बसमधून उतरताच तिने घर ओळखलं. चित्रकार म्हणून क्षणभर बरंही वाटलं. मी बॅगा ओढत पोचेपर्यंत ती फाटक उघडून आत, जिरेनियमची वाळकी फुलं खुडतेय, आणि दारात म्हाताऱ्या बाई उभ्या. मी दोन भाषांत माफी मागितली. बाई हसल्या. आई नाही.

माझ्या इमारतीचे चार जिने चढताना ती प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबली. वर येऊन उतरतं छप्पर, एक टेबल, एक खुर्ची, भाताचा कुकर असं सगळं बघितलं. ही खोली मी कधी काढलीच नव्हती. दमून परत यायची जागा म्हणजे घर, तर माझं हेच. पण तिच्यासमोर तसं म्हणायची हिंमत होईना. मला वाटलं, आता रडेल. तिकडे कोणाला काय सांगेल?

खुर्ची खिडकीशी ओढून ती बसली आणि समोर बघत राहिली. रागावलीस का, मी विचारलं.

"दुसऱ्याचं घर काढलंस ते काढलंस," ती म्हणाली, "पण दार तरी सरळ काढायचंस. चार वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, जर्मनीतल्या सुतारांना काम येत नाही."