न्हाणीघराचा लाल पंचा

माझ्या साडूंचा लाल पंचा कित्येक महिने माझ्या कपाटात लपलेला होता, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. आणि संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम घरच्या पाहुण्यांवर प्रयोग करून शिकवणारा त्यांच्यासारखा प्राध्यापक साऱ्या नागपुरात दुसरा नसेल, हेही त्यांना कधी बोलून दाखवले नव्हते.

रविवारी त्यांचे विद्यार्थी उदाहरणे सोडवायला घरी येत आणि आम्ही नातेवाईक त्या उदाहरणांतले आकडे होत असू. संगणकाची मेमरी भरली की सर्वांत जास्त काळ न वापरलेले माहितीचे पान बाहेर काढायचे, हा धडा बैठकीत चाले. खुर्च्या भरल्यावर कोणी नवा आला, की सर्वांत जास्त वेळ गप्प बसलेल्याने गॅलरीत जायचे. मी मितभाषी, त्यामुळे त्यांच्याकडचा बहुतेक चहा मी कुंड्यांच्या सहवासातच प्यालो आहे. "भाऊ, काहून वाईट वाटून घेता? बोललं की आत घेतो ना तुम्हाले!" ते आतून ओरडत.

त्यांच्या न्हाणीघराला कडी नव्हती. बाहेरच्या खिळ्यावरचा लाल पंचा घेऊन आत जायचे, बाहेर आल्यावर परत टांगायचा. खिळा रिकामा दिसला तर थांबायचे. एकाच वस्तूवर दोघांनी एकदम हात टाकू नये म्हणून संगणकही असेच कुलूप वापरतो म्हणे. एकदा तिथे मुक्कामी असताना, रविवारी सकाळी कोराडीची बस गाठण्याच्या घाईत मी ओले कपडे त्याच पंच्यात गुंडाळून पिशवीत कोंबले आणि निघालो.

मागे रिकाम्या न्हाणीघरापुढे घरचे आणि विद्यार्थी दुपारपर्यंत रांगेत उभे होते, हे मेहुणीकडूनच पुढे कळले.

"अहो, दार उघडं आहे, बादली दिसून राहिली, आत कोणी नाही!" ती साडूंना म्हणाली.

"पण पंचा कुठं आहे? ज्यानं घेतला त्यानंच परत टांगला पाहिजे," साडू म्हणाले.

"मग ही शिकवणी उद्यापासून या घरात नाही!" मेहुणी कडाडली.

मुले खो खो हसली. संध्याकाळी साडूंचा फोन आला. "भाऊ, पंचा दिसला काय तुम्हाले?" तो माझ्या हातातच होता. मी नाही म्हणालो.

"मग माझ्याच नियमात खोट असंल," ते हळूच म्हणाले. शिकवणी बंद झाली.

परवा पंचा धुऊन, गुपचूप टांगून यावा असा भित्रा बेत करून गेलो, तर खिळाच उपटलेला. बैठकीत साडू माझ्याहून गप्प. तेवढ्यात शेजारी आले, खुर्च्या भरल्या. मी सवयीने उठलो.

"बसा, भाऊ. आता तो नियम नाही."

मला बसवेना. पिशवीतून पंचा काढून मी उभ्यानेच म्हणालो, "तुमचा नियम बरोबर होता. पंचा मी नेला, आणि वर खोटं बोललो. खिळा ठोका, मीच टांगतो. मला माफ करा."