दुसरा रिमोट

नवरा गेल्यानंतर सहा महिन्यांनी मी गाडी चालवायला शिकले. वय पंचेचाळीस, अमरावतीच्या एका शाळेत भूमिती शिकवत होते. मैदानावर सकाळी फिरायला येणारी माणसं माझी गाडी दिसली की कडेला होऊन उभी राहत. राहू देत. आरटीओत तीन चकरा मारून मी नवऱ्याची गाडी माझ्या नावावर करून घेतली.

धाकट्या दिराला मात्र हे पटलंच नाही. तो अंजनगाव सुर्जीला शेती करायचा. गाडीची एक चावी भावाच्या हयातीपासून त्याच्याकडे होती. अमरावतीला आला की ती बोटावर फिरवत म्हणायचा, "वहिनी, गाडी नेऊन राहिलो." विचारायचा नाही, सांगायचा. गाडी परत आली की मागच्या सीटवर तुरीच्या कुटाराचा भुसा आणि टाकीत काटा तळाला. चावी मागितली तर म्हणे, "माह्या भावाची गाडी हाय, मले काहून नाई चावी?" सासूबाई माझ्याकडेच राहायच्या. अशा वेळी त्या तांदूळ निवडायला घ्यायच्या.

कॉलनीत दोन गाड्या चोरीला गेल्या तेव्हा मी अलार्म बसवला. सोबत दोन रिमोट मिळाले. एक पर्समध्ये टाकला, दुसरा टीव्हीखालच्या खणात ठेवला. पुढच्या खेपेला दीर आला आणि खणातला रिमोट खिशात घालून गेला. चोरासाठी लावलेला अलार्म त्याच्यासाठी मुकाट्याने दार उघडू लागला.

मग एका सकाळी मला बोर्डाच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी धामणगाव रेल्वेच्या केंद्रावर जायचं होतं. खाली आले तर गाडी नाही. सासूबाई म्हणाल्या, "तो पहाटंच घेऊन गेला." एसटीत उभ्याने गेले. पोचले तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या आणि केंद्रप्रमुखांनी सगळ्या वर्गासमोर घड्याळ पाहिलं. त्या दिवशी ठरवलं, आता बास.

अलार्म बसवणाऱ्या दुकानदाराकडे गेले. दिराकडचा रिमोट बंद करून द्या म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, घरातली गोष्ट हाय. सायबांच्या भावासोबत बोलून घ्या, मंग या." माझ्या गाडीसाठी मी कुणाची परवानगी आणायची? दुकानातून बाहेर पडले. पुढच्या रविवारी एकटीने हायवेवर गाडी घातली ती थेट अकोल्याला. इतक्या लांब मी पहिल्यांदाच गेले होते. मूर्तिजापूरपर्यंत स्टिअरिंग घामाने ओलं झालं होतं, त्यानंतर नाही.

अकोल्याचा मेकॅनिक म्हातारा होता, चष्म्याला दोरी बांधलेली. माझं ऐकून त्याने एकच विचारलं, "चोर कोन हाय?"

"घरातला."

त्याने मान वर केली. "मंग पक्कं काम करा लागते. बाहेरचा चोर आवाजाले भेते. घरचा भेत नाई."

त्याने नवा अलार्म काढला. तो चालू असेल तर चावी लावूनही इंजिन सुरू होणार नाही, अशी जोडणी केली. मी प्रत्येक वायर कशाची ते विचारत होते. "तुमाले काय करायचं बाई, मी हाओ ना."

"तुम्ही अकोल्यात आहात. गाडी अमरावतीत राहते."

तो हसला आणि बाजूला सरकला. साडी सावरून मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बॉनेटवर थाप मारून भोंगा वाजतो का, ते मीच पाहिलं. दोन्ही रिमोट मीच घेतले.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी, दीर आला. त्याने त्याच्या खिशातला रिमोट दाबला. काही झालं नाही. मग त्याने चावीनेच दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला. सगळी कॉलनी गॅलऱ्यांत आली. तो आत बसून पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता. गाडी हलेना.

"वहिनी, बंद करा ते!"

मी पायरीवर उभी होते. "आधी खाली उतरा."

"लोकं पाहून राहिले!"

"पाहू द्या. गाडी कुणाची आहे तेही त्यांना कळू द्या."

रिमोटवरचं बोट मी हलवलं नाही. तो उतरला तेव्हाच आवाज बंद केला. शांततेत मागून सासूबाईंचा आवाज आला, "चावी तिच्या हातात दे अन् जेवाले बस."

त्याने चावी दिली. जेवला मात्र नाही.

आठ महिने तो फिरकला नाही. नात्यातल्या लग्नांत बायका मला पाहून कुजबुजायच्या. मी प्रत्येक लग्नाला गाडी चालवतच गेले आणि मांडवासमोर लावली. मग एक दिवस त्याचा फोन आला. जाऊबाईंना अकोल्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं.

"वहिनी, गाडी भेटंल का?"

"भेटेल. चालवीन मी."

तो जाऊबाईंसोबत मागे बसला. गावाबाहेर पडेपर्यंत पुढे वाकून रस्ता पाहत होता. मग म्हणाला, "समोरच्या ट्रकले ओव्हरटेक नोका करू." मी आरशात मागचा रस्ता पाहिला, हॉर्न दिला आणि ट्रकच्या पुढे गेले.