भेंडीचा चीक

कुंडल गावात राहीबाईला ओळखतात ते मळी काढणारी म्हणून. तिचा नवरा आकाराम गुळव्या. ओढ्याकाठच्या त्यांच्या गुऱ्हाळात तो भल्यामोठ्या काहिलीत उसाच्या रसाला कढ आणतो आणि ही तिच्या कडेला लांब दांड्याचा झारा घेऊन उभी राहते. ठेचलेल्या रानभेंडीचं चिकट पाणी उकळत्या रसात पडलं, की सगळी घाण, म्हणजे मळी, फेस होऊन वर येते. वर आलेलं काढून टाकायचं, खाली उरलेलं जपायचं. लग्न होऊन आल्यापासून थंडीचे सगळे महिने तिच्या हातांनी हेच केलं. घेतलेलं काम ती अर्ध्यात सोडत नाही. जाऊ याला चिवटपणा म्हणते आणि आकाराम खोड म्हणतो.

गेल्या हंगामात तिची पुतणी शिवांजली गुऱ्हाळात आली होती. दीर जयराज सैन्यात, लांब. त्याची बायको संयोगिता आणि ही लेक याच घरात असतात. निवायला वाफ्यात ओतलेला गरम गूळ पोरं उसाच्या टिपरावर उचलून घेतात, तशी तिथली रीतच आहे. शिवांजलीनं टिपरू शोधायचा कंटाळा केला आणि हात घातला. चटका बसल्यावर हात झटकायचा, तर पोरीनं घाबरून मूठ आवळली. गूळ मुठीतच राहिला.

जखम भरली, पण मूठ पुरती उघडेना. सांगलीच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. भाजलेली कातडी बरी होताना आखडते. बोटं रोज ताणली तर सुटतील, नाहीतर ऑपरेशन. दाबायला त्यांनी एक मऊ चेंडू दिला होता, तो शिवांजलीनं पहिल्याच दिवशी माळ्यावर भिरकावला. संयोगिता बोटं धरून ताणायला बसली की लेक रडायची, आणि लेकीचं बघून आई. शेवटी राहीबाईनं जावेला सांगून टाकलं, की आजपासून हा हात माझ्याकडं.

पण तिच्याकडूनही काही होईना. गोड बोलून झालं, दटावून झालं. पोरगी हात पाठीमागं लपवायची.

मग पावसाळ्यात एका दुपारी शेजारची नूरीन स्लाइमची डबी घेऊन आली. शाळेत त्याचं वेड लागलं होतं. गुलाबी, गार, ओढावा तेवढा लांबणारा गोळा. दोघी पायरीवर बसल्या. शिवांजलीनं आधी डावा हात पुढं केला. पण स्लाइम ओढायला दोन हात लागतात. खेळाच्या नादात उजवाही पुढं आला आणि आखडलेली बोटं जराशी हलली. राहीबाई दाराआड श्वास रोखून उभी होती.

तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. नव्या कातडीची आग व्हायला लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले की त्यात कागद चिकटवायचा गोंद असतो, टाकणखार असतो. या हाताला तसलं काही नको.

"मग चालंल असं मी करते," राहीबाई म्हणाली.

आकारामला हसू आलं. आयुष्यभर चिकटा काढून टाकणारी बाई आता चिकटा करायला बसली, असं तो जेवताना म्हणाला. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

कणकेचा गोळा केला, तो ताणला की तुटायचा. साबुदाणा शिजवला, त्याच्या गाठी झाल्या. नूरीन आणि गल्लीतला शिवतेज रोज परीक्षा घ्यायला हजर. शिवतेजनं एकदा गोळा चाखून बघितला आणि मीठ कमी पडलंय म्हणाला. शिवांजली लांबून बघायची, हसायची, पण हात काही पुढं यायचा नाही.

भेंडी राहीबाईला पहिल्यापासून आठवत होती. बांधावर हंगामासाठी लावलेली रानभेंडी कमरेएवढी झाली होती. पण त्या पाण्याचा वास म्हणजे गुऱ्हाळाचा वास, आणि भाजल्यापासून पोरगी ओढ्याच्या वाटेलाही जात नव्हती. राहीबाईनं बरेच दिवस मनाला आवरलं. मग एका सकाळी पोरं शाळेत गेल्यावर विळा घेऊन निघाली.

भेंडीची ताटं ठेचली, पाण्यात घातली, पातेलं चुलीवर चढवलं. कढ आला. वर फेस धरला. तिनं झारा घेतला आणि फेस काढून बादलीत टाकला. पुन्हा आला, पुन्हा काढला. कढ शांत झाला तेव्हा पातेल्यात नुसतं हिरवट पाणी राहिलं होतं. दोन बोटांत धरलं तर तारही येईना. भेंडी जून असेल म्हणून तिनं कोवळी आणली. पुन्हा तेच.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. शिवांजली दारात थबकली.

"गुऱ्हाळाचा वास येतोय," ती म्हणाली.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. राहीबाईनं तसं केलं नाही.

"व्हय. भेंडी हाय. गूळ न्हाई."

पोरगी आत आली नाही, पण गेलीही नाही. उंबऱ्याला टेकून बघत राहिली. राहीबाईचा झारा परत फिरला, फेस परत बादलीत पडला.

"मोठीआई, तू टाकतीयास त्येच चिकाट हाय की," शिवांजली म्हणाली.

राहीबाईचा हात थांबला. बादलीत बघितलं, तर झाऱ्यावरून पडलेल्या चिकाची तार अजून लोंबत होती. सगळी वर्षं जे टाकून द्यायचं, तेच आज हवं होतं, आणि हाताला ते कळलंच नव्हतं. ती स्वतःशीच हसली.

"आणि उकळू नगंस," पोरगी म्हणाली, "उकळतं कशाला?" तो चटका तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर आला होता.

मग चूल विझली. ठेचलेली ताटं गार पाण्यात भिजली, हातांनी चोळली, फडक्यातून गाळली. मक्याचं पीठ वेगळं शिजवून, पुरतं निवल्यावर त्या चिकात मळलं, वर तेलाचं बोट. शिवांजली उंबऱ्यावरून चुलीपाशी कधी आली ते कुणालाच कळलं नाही. गोळा हिरवट झाला, दुकानातल्यासारखा देखणा नव्हता. शिवतेज त्याला शेंबूड म्हणाला. नूरीननं एक टोक धरलं आणि दुसरं शिवांजलीच्या पुढं केलं.

"उजव्या हातानं धर," राहीबाई म्हणाली. "लांब कुणाची जाती बघू."

गोळा हातात बसायचा तर तळवा उघडावा लागतो. शिवांजलीनं दात आवळले. तार अंगणभर गेली, मधे झोल पडला, तुटली.

"परत," ती म्हणाली.

चीक दोन दिवसांत आंबतो, म्हणून दर दिवसाआड ताजा करायचा. श्रावण गेला, भाद्रपद गेला. सांगलीला डॉक्टरांनी हात उलटसुलट बघितला. तीन बोटं सुटली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून वाकडी होती. ऑपरेशनचं आता बोलायला नको, पण थांबूही नका, एवढं ते म्हणाले.

परतताना बसमध्ये शिवांजलीनं विचारलं, हंगाम सुरू झाला की सगळी भेंडी गुऱ्हाळालाच लागंल का.

"लागंल की."

"मग माझ्या बोटांचं?"

राहीबाईनं तिचा उजवा हात मांडीवर घेतला, वाकडं बोट अंगठ्यानं हळूच दाबलं. पोरीनं हात मागं ओढला नाही.

घरी आल्यावर लुगड्याचा ओचा खोचून ती बांधावर गेली आणि हंगामासाठी सोडलेल्या भेंडीच्या कडेला आणखी दोन सरी बी टोकून आली.