दादाच्या गाड्या बघायच्या जागा

माझा दादा फोटोंना फ्रेमा करून देतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे करवत, काच कापायचं टेबल आणि सगळीकडे भुसा. गिऱ्हाईक आलं की तो फोटो हातात घेतो, लांब धरतो, जवळ धरतो आणि गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या पट्टीकडे अशा काही नजरेनं बघतो की ते बिचारं आपणहून दुसरी पट्टी निवडतं. तोंडानं बोलेल तर शपथ. आमच्या घरात बोलायचं सगळं खातं माझ्याकडे आलं आणि गप्प बसायचं त्याच्याकडे.

ह्या माणसाला नाद एकच, गाड्या बघायचा. कुठे जायचं नसतं, कुणाला आणायचं नसतं, रेल्वेगाडी नुसती बघायची. बरं, कुठूनही बघून चालत नाही! जागा ठरलेल्या. पादचारी पुलावर चढायचं, पण वरपर्यंत नाही, वर तारा मध्ये येतात. जिना जिथे वळतो तिथल्या कठड्याशी थांबायचं. दुसरी जागा लाकडाच्या वखारीमागची बुटकी भिंत. तिथे रूळ वळण घेतात, त्यामुळे इंजिन आणि शेवटचा डबा एकदम दिसतात. फलाटावरून गाडी बघणं म्हणजे त्याच्या मते चित्राला नाक लावून चित्र बघणं. आणि जागा कुठलीही असो, नियम एकच: गाडी बघताना बोलायचं नाही. यायच्या आधी नाही आणि गेल्यावर लगेचही नाही.

वहिनी देवाघरी गेली तेव्हा चिमी, म्हणजे दादाची मुलगी, नुकती शाळेत जायला लागली होती. दादा आमच्यासमोर रडला नाही. सुट्टी आली की पोरीचं बोट धरायचा आणि गाड्या बघायला निघायचा. मला राग यायचा. अरे, लेकराला जवळ घे, चार शब्द बोल, ते सोडून हे काय? पण ती तिथून आली की नीट जेवायची, म्हणून मी मूग गिळून बसायचे. त्या दोघांची आणखी एक जागा होती, तिसरी. ती कुठे आहे ते मात्र दोघांनी मला कधी कळू दिलं नाही. मी खोदून खोदून विचारलं, पण ताकास तूर लागू देतील तर ना!

चिमी मोठी झाली, खोटे दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली आणि लग्नाचं बघायची वेळ आली. इतर बाप मुलाची नोकरी विचारतात, घर विचारतात. आमचे हे महाराज मुलाला पुलावर घेऊन जायचे. एकानं तीनतीनदा विचारलं, "काका, गाडी येणार कधी?" तो गेला. दुसरा फोनमध्ये डोकं घालून उभा राहिला आणि गाडी त्याच्या समोरून निघून गेली. तोही गेला. तिसऱ्यानं इंजिनाच्या ताकदीवर भाषण ठोकलं. त्याला दादानं जिन्यावरच हात जोडले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमची पोर काही नकटी नाही, तिचा बापच विघ्न. चिमी हसायची, कारण त्यांतला एकही तिला नको होता.

मग तिनं स्वतःच एक शोधून आणला. लिफ्ट दुरुस्त करणारा. उंच, हसरा आणि बडबड्या! चहा थंड होईपर्यंत त्याचं बोलणं संपेना. मला तो फार आवडला, पण आता ह्याचं काही खरं नाही, असंही वाटलं.

चिमी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आत्या, बाबांच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही."

"म्हणजे घरातच बसणार?"

"बसणार. तू बरोबर जा. तो बोलायला लागला तर चिमटा काढ."

तर अशी माझी नेमणूक झाली. सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं निघालो. पुढे दादा, मध्ये लिफ्टवाला आणि मागे मी, गुडघे धरत.

पुलावर पोरगं चक्क गप्प राहिलं. ओठ दाताखाली धरून ठेवले होते, पण राहिलं. वखारीमागच्या भिंतीशी बराच वेळ गाडीच येईना. मी चिमट्याच्या तयारीत होते. मग एक मालगाडी आली, लांबच्या लांब, आणि वळणावरून हळूहळू निघून गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी तो तिकडेच बघत उभा. बोलायचं विसरूनच गेला होता. दादानं त्याच्याकडे बघितलं. फ्रेमचा कोपरा बिनफटीचा जुळला की तो त्या कोपऱ्याकडे असाच बघतो.

"चला," दादा म्हणाला आणि घराच्या उलट दिशेला वळला.

मी काय ते ओळखलं. चिमीशिवाय कुणालाही न दाखवलेली ती तिसरी जागा! म्हणजे पोरगं पास झालं. दादाची चालसुद्धा बदलली होती, एखादी वस्तू कुणाला भेट द्यायला निघाल्यासारखी.

गोदामांच्या मागे एक बोळ होता. बाहेर लख्ख ऊन आणि आत वळलं की अंधारगुडुप, हातभर अंतरापलीकडचं काही म्हणजे काही दिसेना. दादा वाकून पुढे गेला. लिफ्टवाला माझ्याकडे तोंड करून चालत होता, मी पडू नये म्हणून. चालता चालता त्यानं मागे न बघता मान वाकवली, हात वर नेला आणि म्हणाला, "आत्या, डोकं सांभाळा." बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर एक लोखंडी पाइप आडवा गेला होता, आणि त्यावर त्यानं तळहात ठेवला होता.

दादा थांबला. मागे वळला.

"तू इथे येऊन गेलायस," तो म्हणाला.

पोरगं खोटं बोलू शकलं असतं. मी तर मनातल्या मनात त्याला दोनचार थापा सुचवल्यासुद्धा. पण तो म्हणाला, "हो, काका. चिमीनं आणलं होतं."

संपलं, म्हटलं. हातातोंडाशी आलेला घास गेला.

बोळाच्या टोकाला दोन दगडी पायऱ्या आणि समोरच रूळ. सिग्नल होता तिथे. गाडी आली आणि थांबली. खिडक्यांमधली माणसं इतकी जवळ की एका बाईच्या मांडीवरचं विणकाम मला दिसत होतं. आणि मग गाडी समोर उभी असताना दादा बोलला. मी माझ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"इथे काय करता तुम्ही?"

"बसतो. ती बोलते, मी ऐकतो."

"ती बोलते? काय बोलते?"

"तिच्या आईबद्दल. लहानपणी इथे बसून ती प्रत्येक खिडकीत आईला शोधायची म्हणे. एखाद्या गाडीत असेल, असं वाटायचं तिला."

गाडी हलली. दादा पायरीवर बसला.

"मला कधी बोलली नाही," तो म्हणाला.

"गाडी बघताना बोलायचं नसतं ना, काका," पोरगं म्हणालं. टोमणा नव्हता तो, नियम माहीत आहे एवढंच सांगत होतं बिचारं. तरी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दादाचा चेहरा बघवत नव्हता. पण त्यात खोटं काय होतं?

आम्ही घरी परतलो. चिमी दारातच उभी होती. तिनं बापाचा चेहरा बघितला, मग लिफ्टवाल्याचा, आणि तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, नकार.

"मुलगा चांगला आहे," दादा म्हणाला. "करा लग्न." मग चपला काढता काढता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू खिडक्यांमध्ये आईला शोधायचीस?"

चिमी एकदम लहान झाली. "हो. पण तुम्ही बोलू द्यायचा नाहीत, बाबा."

"नाही द्यायचो," दादा म्हणाला. "मला वाटायचं, मी एकटाच शोधतोय."