पालीची कात आणि मॅडमचा कान

लॅबमधले जमलेले प्रयोग रिसर्च पेपरात छापून येतात, फसलेले आणि फसता फसता वाचलेले चहाबरोबर सांगायला उरतात. आमच्या वैद्य मॅडमचे तर माझ्याकडे ढीगभर साठलेत.

मॅडम स्वतः कानाला ऐकू येण्याचं मशीन लावतात. पावसात, घामात ते बंद पडतं. पालीच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारी लव असते, त्यामुळे तिच्यावर पाणी टिकत नाही. तसलंच कोटिंग त्या मशीनवर चढवायचं, हे आमचं काम.

*

त्यासाठी पालीची कात हवी होती. पण पाल कात टाकते आणि स्वतःच खाऊन टाकते. मी आणि माझा सहकारी विनय काचेच्या पेटीसमोर श्वास रोखून बसलो होतो. कात सुटली, आणि पालीने तिचं टोक तोंडात धरलं. पालीला भयंकर घाबरणाऱ्या विनयने डोळे मिटून हात आत घातला आणि कात ओढून काढली.

मॅडम आधी कातीकडे बघत राहिल्या, मग पालीकडे.

"तिच्या तोंडचा घास काढलात. आता तिला दुसरं काही खायला द्या."

*

मग तपासणीला समिती आली. प्रोजेक्ट चालू राहणार की बंद होणार, ते त्या दिवशी ठरणार होतं. मुख्य साहेबांनी कोटिंगच्या पट्टीवरून कौतुकाने बोट फिरवलं. झालं, तिथली लव मोडली. पाणी ओतलं तर सगळीकडून घरंगळलं, फक्त तेवढ्या जागी थांबलं.

मॅडम म्हणाल्या, "साहेबांचं बोट लागलं तिथेच अडलंय."

साहेबांचा चेहरा काही क्षण दगडासारखा होता. मग ते हसले आणि त्यांनी सही केली.

*

शेवटची चाचणी भर पावसात, स्वारगेटला. दुसऱ्या कुणाच्या कानावर प्रयोग करायला मॅडम तयार नव्हत्या. त्या छत्रीशिवाय पुढे चालणार, मी मागून हाक मारणार, ऐकू आली की त्यांनी हात वर करायचा, असं ठरलं होतं. दोनदा हात वर गेला. त्या रस्ता ओलांडू लागल्या आणि वळणावरून बस आली.

मी जिवाच्या आकांताने "मॅडम" म्हणून ओरडलो.

मॅडमनी हात वर केला आणि त्या चालत राहिल्या.

ब्रेक करकचले. बस त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो बाई, बहिऱ्या आहात का?"

मॅडमनी भिजलेल्या कानाला हात लावून पाहिला.

"आज नाही."