बेज्जूरचं आरा मशीन ऐकायला गेलो तेव्हा

वरोऱ्यात माझी लाकडाची वखार आहे. हातानं करवत ओढण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे करवत ओढणारा माणूस किती मोलाचा ते मला कळतं. पण लढाई सुरू झाली आणि असे गडी एकेक करून सरकारी कामावर निघून गेले. वखारीत सागाचे ओंडके पडून, शाळेच्या इमारतीच्या चौकटींची ऑर्डर अंगावर, आणि विलायतेहून नवीन मशीन येणं बंद. होळीपर्यंत फळ्या निघाल्या नाहीत तर ऑर्डर हातची जाणार होती. तेवढ्यात कानावर आलं की निजामाच्या मुलखात बेज्जूरला एक जुनं आरा मशीन विकायचं आहे. पुन्हा विचार केला नाही. खिशात छोटी हातोडी टाकली आणि निघालो.

बल्लारशाला गाडी बदलून सिरपूरला उतरलात की मुलूख बदललेला जाणवतो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या जवानानं माझी पिशवी उलटी केली.

"ये हथौड़ी किसलिए?"

"मशीन की नब्ज देखता हूँ, साहब."

"हकीम हो?" म्हणत तो हसला आणि जाऊ दिलं. आपला कळदार रुपया इथे चालतो, पण गाडीवान निजामाचे हाली रुपये मागतात. थोडे हाली स्टेशनाजवळच करून घ्या. खायचंही तिथेच बांधून घ्या, पुढे जंगलच आहे.

सिरपूर ते बेज्जूर बैलगाडी. दिवाळी ते शिवरात्र या दिवसांतच जावं. पावसात ओढे गाडी अडवतात. दोन्ही बाजूंना साग असा सरळ उभा की माझ्यासारख्या लाकूडवाल्याची मान दुखून येते. मी झाडांत फळ्या मोजत होतो. गाडीवान ते ओळखून होता.

"मशीन घ्याले चालले का, शेठ?"

"बघायला."

"तीन जण पाहून गेले. थे मशीन तं माणसाले हिव भरल्यावानी थरथर कापते!"

मशीनची मालकीण चंद्राबाई. घराणं वऱ्हाडातलं, पण तीन पिढ्या इथेच. नवरा गेल्यावर गिरणी तिनंच चालवली. पदर खोचून ती बॉयलरजवळ उभी होती. मला बघताच म्हणाली, "हातपाय धुवा, भाकर खा, मंग मशीन पाहा. उपाशी माणसाले सगळंच खराब दिसते." अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. या जेवणासाठीही बेज्जूर गाठायला हरकत नाही.

जेवणानंतर तिनं तबक पुढे केलं. "विडा उचला, सौदा झाला. निम्म्या भावात देतो, पण घेऊन जा. पातं उडून माह्या माणसाले लागलं तं?"

मोह झाला. पण मी विडा उचलला नाही. "आधी ऐकतो," म्हटलं.

काय मशीन होतं! पुरुषभर उंच बिडाची कमान, खाली-वर दोन मोठी चाकं, त्यांवरून पट्ट्यासारखं फिरणारं पातं. राजय्या मिस्त्रीनं वाफ सोडली आणि ओंडका लावला. सागाचा वास सुटला. आणि कमान थरथरायला लागली. फळीवर लाटा उठल्या. मी डोळे मिटले. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच, ठक.

पातं आणि इंजिनाचा पट्टा काढायला लावला. वरचं चाक हातानं फिरवून सोडलं. थांबताना चाकाचा एक आरा खाली आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तोच. हातोडीनं एकेक आरा वाजवत गेलो. सगळे घंटेसारखे खणखणीत, तो एकच बद्द. त्याच्यावर मुठीपेक्षा मोठा शेंदराचा गोळा होता. दर खंडेनवमीला शेंदूर-तेलाचा हात त्याच जागी, आणि मधल्या काळात त्यावर बसलेला भुसा, सगळं दगड झालेलं.

"बेअरिंग बदललं, पाया भरला, अंता चेशानु," राजय्या म्हणाला. सगळं करून झालं होतं. शेंदराला मात्र कुणी हात लावला नव्हता. त्याखाली चीर असली तर मशीन भंगार. नसली तर सगळा दोष त्या वजनाचा.

"बाई, हा शेंदूर काढायला हवा."

"काऊन? देव हाय तो!"

"गावच्या मारुतीची शेंदराची खोळ निघते ना?"

"थे मारुती आपल्या मनानं टाकते. आमी ओरबाडत नाई."

मी त्या गोळ्यावर बोट फिरवून पाहिलं. मग विचारलं, "देवाला तेल चालतं?"

"तेल तं चालते."

"कोमट?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि खळखळून हसली. "शेठ, लई बेरकी हाय तुमी!"

संध्याकाळभर तिनं स्वतःच्या हातानं कोमट तेल सोडलं. सकाळी चाक हलक्या हातानं फिरवलं आणि अख्खी खोळ एका तुकड्यात निघून आली. बाईनं ती पदरात झेलली. खाली बीड स्वच्छ, केसाएवढीही चीर नाही. मी हातोडी मारली. खणखणीत!

पातं, पट्टा चढला, वाफ सुटली. नुसती पात्याची शीळ. राजय्यानं पाण्याचा पेला मशीनवर ठेवला, पाणी हललं नाही. इतकं सुरेख मशीन मी आजवर पाहिलेलं नाही. आणि चंद्राबाईच्या चेहऱ्याकडे बघताच कळलं की ते मला मिळणार नाही.

तिनं पुन्हा तबक पुढे केलं. "विडा घ्या. पण हा पाहुण्याचा, सौद्याचा नाई."

"काल उचलायला पाहिजे होता."

"उचलला असता तं मी शब्द मोडला नसता," ती म्हणाली. तसंच झालं असतं, याबद्दल मला शंका नाही. "तुमची ऑर्डर काय हाय ते सांगा. इथलाच साग घ्या. तुमच्या फळ्या निघतपर्यंत दुसऱ्याचा ओंडका मशीनले लागनार नाई."

खोळ प्राणहितेत सोडायला सगळी गिरणी गेली, मीही गेलो. नदी रुंद, शांत. बेज्जूरपर्यंत गेलात तर ती बघितल्याशिवाय परतू नका.

वरोऱ्याला आलो तर वखारीतले माझे भागीदार दारातच. "मशीन आणायला गेले होते की दुरुस्त करायला?" महिनाभर त्यांनी हेच ऐकवलं. मीही रात्री अंथरुणात पडल्यावर तो न उचललेला विडा आठवून कूस बदलायचो.

मग होळीच्या आधीच स्टेशनात बेज्जूरच्या फळ्यांचा डबा लागला. भागीदारांनी वरची फळी ओढली, उन्हात तिरपी धरली, तळवा फिरवला. पात्याच्या खुणा सरळ, एकसारख्या, कुठेही लाट नाही.

"बाईला लिहा," ते म्हणाले, "पुढल्या सालचा साग आत्ताच धरून ठेवा म्हणावं."