पसारा असू द्या जी!

"आवरू नका जी, पसारा असू द्या!" भाऊ दारातूनच ओरडायचे. फोटो काढायला आलेला हा माणूस आधी घरातल्या बाईच्या हातातला झाडू काढून घ्यायचा.

रामदासपेठेत ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. एका मुंजीच्या फोटोंत त्यांनी मधोमध चपलांचा ढीग घेतला, शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेले मामा. मुलाचे वडील तणतणत आले, "बटू कुठे आहे?"

"आहे ना जी, चपलांच्या मागे! त्याले तं सगळेच पाहून राहिले होते. मामाले कोण पाहते?"

पुढे आम्हाला फ्लॅट विकून मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. जाहिरातीच्या फोटोंसाठी बायकोने घर लख्ख आवरलं. भाऊ आले, चहा प्यायले आणि नुसते बसून राहिले. मदत म्हणून मी पेपर विस्कटून टाकला, तर म्हणाले, "हा मांडलेला पसारा आहे जी, लगेच कळते. त्याले आपोआप होऊ द्या."

दुपारपर्यंत घर मूळपदावर आलं. फ्रिजवर माझा चष्मा, खुर्चीवर ओला टॉवेल, टेबलावर अर्ध्या सोललेल्या तुरीच्या शेंगा. मग कुठे भाऊंनी कॅमेरा काढला.

बायकोने ते फोटो पाहिले. शेंगांच्या फोटोशी थांबली आणि म्हणाली, "तुम्ही जा पुण्याला. मी हे घर सोडत नाही."

झालं! मी तडक भाऊंकडे गेलो. "अहो, गिऱ्हाइकासाठी फोटो काढायचे होते!"

"मंग? फोटो चांगले नाही आले काय?" वर मलाच विचारतात!

घर राहिलं. मी महिनाभर धुसफुसलो, पण आज त्या माणसाचे उपकार वाटतात.

गेल्या वर्षी त्यांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या. भाऊंनी मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं, "माह्या फ्लॅटचे फोटो काढून द्या जी. कॅमेरा माहाच घ्या."

गेलो तर घर चकचकीत. चादरीला सुरकुती नाही, ओट्यावर एक कप नाही. मला बघवेना.

"काय हो भाऊ, तुम्ही आवरलंत?"

"तिचा पसारा होता जी सगळा," कॅमेरा माझ्या हातात देत ते म्हणाले. "तो दिसला तं माह्याच्यानं घर विकणं होत नाही."

मी फोटो काढले. घर आठवड्यात विकलं गेलं.